एप्रिल ते ऑक्टोबरची गाडी

३ मार्च

विब्के,

अकरा वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळे आहोत जागच्या जागी. फारच जागच्या जागी.

काम साधं आहे. डेटलेफ आणि मी मे महिन्यात मोठ्या प्रवासाला निघतोय. आपल्या समुद्रापासून थेट खाली आल्प्सपर्यंत, सगळा देश उभा कापत. तुला माहीत नसेल, पाच वर्षांपूर्वी त्याने झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी घेतली. पांढरी आहे. आत दोन बिछाने, एक शेगडी आणि माझी एक कढई मावेल एवढं बेसिन. हिवाळ्यात ती बोयेच्या कोबीच्या कोठारात असते, त्यामुळे एप्रिलमध्ये बाहेर काढली की आठवडाभर आत कोबीचा वास मारतो. आजवर ती फार लांब गेलेली नाही, पण या वर्षी जाणार.

तू जन्मभर सहलीच्या बस चालवल्यास. म्हणून विचारते, वाटेत थांबण्यासारखं काय आहे? डेटलेफने आराखडा केलाय, पण त्याच्या थांब्यांत पेट्रोल पंपच जास्त. मला असं काहीतरी सांग, की परत आल्यावर थीसेनबाईंना बेकरीत सांगता येईल आणि त्या पाव देता देता थांबतील.

उत्तर घरी पाठवू नकोस, बेकरीच्या पत्त्यावर पाठव. आमची पत्रपेटी हल्ली अडकते.

गेझा


१७ एप्रिल

विब्के,

तुझं कार्ड मिळालं. थीसेनबाईंनी पावाच्या पिशवीत घालून दिलं आणि वर म्हणाल्या, "आज खसखशीचे दोन जास्त घातलेत हं, खाली हात घालून बघा." बाई वस्ताद आहे.

एक ओळ सरळ नव्हती बघ तुझी, अजून तशीच लिहितेस, कोंबडी चालल्यासारखी. तीनदा वाचलं. हॅम्बर्गच्या बोगद्यात उजव्या लेनमध्ये ट्रकच्या मागे राहायचं, "ट्रकवाल्याला आपला भाऊ समज आणि आरशात बघणं सोड". त्यापुढे माळरानावर कुट्टूच्या पिठाचा केक. गोस्लारला राजवाडा बघायचा नाही, चौकात उभं राहून घड्याळातून खाणकामगार बाहेर येताना बघायचे. बांबर्गला धुराच्या वासाची बिअर, "पहिला घोट थुंकावासा वाटेल, थुंकू नकोस". हे सगळं मी पाठ केलं. कार्ड मात्र ठेवलं नाही, शेगडीत गेलं. गैरसमज करून घेऊ नकोस.

शेवटी तू लिहिलंस, "चौथा थांबा तू विचारला नाहीस, म्हणून सांगत नाही." मला कळलं, म्हणजे मेमिंगेनपाशी तुझं घर. पण डेटलेफच्या आराखड्यात चौथा थांबा आल्प्समधलं ओबर्स्टडॉर्फ आहे. तिथे दोन दिवस, मग परत.

रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसलं की तो नकाशा पसरतो. मी चष्मा लावून शेजारी बसते. काल मी म्हटलं, "गोस्लारला थांबू या का? तिथल्या चौकात एक घड्याळ आहे." तो पट्टीवरून मान वर न करता म्हणाला, "तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, बेकरीत कुणीतरी बोलत होतं. "घड्याळ आपल्या घरी आहे," म्हणाला. पण पेन्सिलीने एक बारीकसा ठिपका दिला बरं का गोस्लारवर. मी पाहिला.

गेझा


१९ जून

विब्के,

नाही गेलो.

आता तू म्हणशील, मला माहीत होतं. म्हण. सांगते काय झालं ते, आणि हसू आलं तर हस, कारण मला एकटीला हसवत नाही.

मे महिन्यातली ती सकाळ. गाडी दारासमोर रस्त्यावर उभी. मी बटाट्याचं सॅलड केलं होतं, अंडी उकडली होती, थर्मास भरला होता. डेटलेफने टायरची हवा तपासली, तेल तपासलं, माझा पट्टा स्वतः खेचून बघितला. निघणार तेवढ्यात त्याने रेडिओ लावला. हॅम्बर्गला गाड्यांची रांग. बारा किलोमीटर. त्याने किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाला, "रांग ओसरू दे."

आम्ही बसलो. नऊ वाजले, अकरा वाजले. रांग कधी दहावर यायची, कधी चौदावर. एक वाजता आम्ही तिथेच बसून सॅलड खाल्लं, आपल्याच दारात, आपल्याच खिडकीकडे तोंड करून. थीसेनबाई सायकलवरून जात होत्या. काच वाजवून म्हणाल्या, "काय, पोचलात?" डेटलेफने काच वर केली. चार वाजता आम्ही सामान उतरवलं.

मग बवेरियाच्या शाळांना सुट्ट्या लागल्या. मग बाडेनच्या. आता आपल्या लागतील. प्रत्येक प्रांताच्या सुट्ट्या वेगळ्या म्हणजे डेटलेफच्या तोंडात साखर. कुठेतरी गर्दी असतेच.

आणि आमची पत्रपेटी अडकत नाही गं. तिची किल्ली डेटलेफच्या जुडग्यात असते. गाडीच्या दोन्ही किल्ल्यासुद्धा. टेलिफोन त्याच्या खुर्चीशेजारी आहे. मी बेकरीत पाच मिनिटं जास्त रमले की विचारतो, "रांग होती का?" एवढंच विचारतो. आवाज चढत नाही. लग्नाच्या इतक्या वर्षांत कधी हात उगारला नाही त्याने, त्यामुळे कुणाला सांगायला गेलं तर सांगण्यासारखं काही सापडतच नाही. तो वाईट नाही, विब्के. तो बरोबर असतो. रोज, सगळ्या बाबतीत. त्याच्याशेजारी बसून मला कधी कधी श्वास पुरत नाही.

गेझा


८ सप्टेंबर

विब्के,

येऊ नकोस.

"शनिवारी जुनी बस घेऊन येते आणि तुला उचलून नेते" हे तुझं वाचलं आणि मी बेकरीतच उत्तर लिहायला बसले. थीसेनबाईंनी कागद दिला. तुझं मन मोठं आहे, मान्य. पण तू आलीस की काय होईल ते मला डोळ्यांसमोर दिसतं. डेटलेफ दारात उभा राहील, तुझी बस कुठे उभी आहे ते बघेल आणि शांतपणे म्हणेल, "इथे बस उभी करायला मनाई आहे." आणि खरंच मनाई असेल!

आईच्या दफनानंतरच्या कॉफीचा दिवस आठव. मी गाडी लावत होते हॉटेलच्या आवारात. सगळे नातेवाईक साखरेच्या केकचे तुकडे हातात घेऊन बघत उभे. डेटलेफने काचेवर टकटक केली, "उतर," म्हणाला, आणि मी उतरले. त्याने गाडी पुन्हा बाहेर काढून पुन्हा लावली, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून. आईला मातीत ठेवून तासही झाला नव्हता. तेव्हा तू ओरडलीस, "अरे, परीक्षा संपली की नाही हिची अजून?" तो म्हणाला, "तुझी बहीण नापास आहे, मी काय करू." लोक हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. तीस वर्षं ड्रायव्हिंगच्या परीक्षा घेतलेला माणूस तो, त्याने गावातली अर्धी पोरं नापास केली होती. मग तू जे बोललीस ते बोललीस, त्याने तुला घर बंद केलं, आणि जाताना तू माझ्या कानात म्हणालीस, "येशील तेव्हा ये. पण त्याला विचारून येऊ नकोस."

माझं लायसन्स अजून आहे. पिशवीत असतं. त्यातला फोटो बघितलास तर ओळखणार नाहीस, केस कमरेपर्यंत आणि थोबाडावर केवढा तो माज!

मला उचलून नेलेली बाई व्हायचं नाही. त्याच्या गाडीतून उतरून तुझ्या गाडीत बसायचं, म्हणजे पुन्हा शेजारच्याच सीटवर. राग आला का? येऊ दे. मलाही आलाय, कुणाचा ते कळत नाही.

गेझा


२५ ऑक्टोबर

विब्के,

घाईत लिहिते, थीसेनबाई काउंटर सांभाळून खिडकीकडे लक्ष ठेवून आहेत.

आमच्या गाडीला हंगामी नंबरप्लेट आहे. कर आणि विमा वाचवायला डेटलेफने तशी घेतली, एप्रिल ते ऑक्टोबर. प्लेटच्या कडेला तसे आकडेच ठोकलेत. तू बसवाली, तुला कशाला सांगायला हवं, एकतीस ऑक्टोबर संपला की ती गाडी रस्त्यावर चालवायचीच काय, रस्त्याच्या कडेला नुसती उभीसुद्धा करायची नाही. दरवर्षी वेळेआधी तो ती बोयेच्या कोठारात नेऊन ठेवतो. पण यंदा कोबी भरपूर आला, कोठार पेट्यांनी भरलंय, आणि बोये म्हणतो एकोणतीस तारखेशिवाय जागा होणार नाही.

आणि सत्तावीसला डेटलेफच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तारीख वर्षभरापूर्वी मिळालेली, सोडता येत नाही. डॉक्टरांनी बजावलंय, तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. म्हणजे एकोणतीसला तो चालवू शकत नाही, आणि एकतीसनंतर गाडी दारात राहू शकत नाही. चार दिवस माणसाला झोप नाही! बोये म्हणाला, "मी येऊन नेतो की." डेटलेफ म्हणाला, "तू ट्रॅक्टर हाकतोस, गाडी नाही." दंड भरावा लागेल या विचारानेच त्याच्या घशाखाली घास उतरेना. त्याचंच कुंपण आणि त्याचाच पाय अडकलेला. मी भांडी घासत होते.

काल रात्री जेवताना त्याने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "गेझा, तुला न्यावी लागेल."

विब्के, त्याने कोठारापर्यंतचा नकाशा काढून दिलाय. मी चाळीस वर्षं त्या रस्त्याने सायकल चालवते. वळणावळणाला गिअर लिहिलेत. दुसऱ्याच्या वर जायचं नाही.

गेझा


२९ ऑक्टोबर, गोस्लार

विब्के,

गाडीतल्या बिछान्यावर बसून लिहितेय, अक्षर समजून घे.

सांगणार होते की हे सगळं अचानक झालं, पण ते खोटं होईल. माझा हिवाळी कोट, दोन स्वेटर आणि आईची खिसणी दोन दिवसांपूर्वीच गाडीच्या बिछान्याखाली गेली होती. खिसणी का घेतली, विचारू नकोस.

सकाळी मी वाटाण्याचं सूप केलं, तीन दिवस पुरेल असं. डेटलेफ टेबलाशी बसला होता, एका डोळ्यावर पट्टी. मी त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "डेटलेफ, तूही चल. आत्ता, माझ्याबरोबर. मी चालवते, तू शेजारी बस. दोन दिवसांत आल्प्स बघू, एकतीसच्या आत गाडी कुठेतरी खासगी जागेत लावू. तू केलेला आराखडा आहेच की." मला खरंच वाटत होतं गं, तो हो म्हणेल. त्या एका क्षणी तो हो म्हणाला असता तर मी जन्मभर त्याचीच राहिले असते.

तो हसला. चेष्टेने नाही, खरोखर हसू आलं त्याला. म्हणाला, "तू चालवणार आणि मी शेजारी बसणार?" मग किल्ली माझ्यासमोर ठेवली. "सूप मंद आचेवर ठेवून जा. आणि आरसा आधी लाव, मग पट्टा."

मी आरसा आधी लावला, मग पट्टा.

बोयेच्या वळणाला उजवीकडचा इंडिकेटर दिला. बोये कोठाराच्या दारात उभा होता, दोन्ही हात हलवून मला आत घेत होता, विमान उतरवतात तसा. पेट्यांच्या मधोमध गाडीच्या मापाची काळी जागा दिसत होती. मी ब्रेक दाबून उभी राहिले. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ गेले. तिसऱ्या गिअरमध्ये.

बोगद्यात तुझा भाऊ भेटला. पोलंडचा ट्रक होता, मागे निळी ताडपत्री. मी सगळा बोगदाभर त्या ताडपत्रीला चिकटून मोठमोठ्याने बोलत होते, "भावा, मला सोडू नकोस." बाहेर उजेडात आले तेव्हा रडत होते. माळरानावर केक खाल्ला, दोन तुकडे. इथे चौकात गर्दीत उभी राहून घड्याळातले खाणकामगार पाहिले. इवलेसे आहेत, विब्के! दिव्यासकट एका दारातून येतात आणि दुसऱ्या दारातून आत जातात. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "बिचारे, रोज तेच." मी म्हटलं, "निदान दुसऱ्या दारातून जातात की."

मोबाईल आमच्यात एकच, तो त्याच्याकडे. अजून फोन केलेला नाही.


३० ऑक्टोबर, बांबर्ग

गाडीत एकटी असले तरी आज दिवसभर त्याचाच आवाज येत होता. आरसा. क्लच. अंतर ठेव. एकदा तर मी तोंडाने "हो, हो" म्हणाले.

बिअर प्यायले. पहिला घोट थुंकावासा वाटला, थुंकला नाही. मग गुत्त्याच्या मालकिणीला विचारून घरी फोन लावला. एका घंटेत उचलला त्याने. मला वाटलं विचारेल, कुठे आहेस, बरी आहेस ना.

"गाडी कोठारात नाही," तो म्हणाला.

"नाही. माझ्याजवळ आहे."

"उद्या मध्यरात्री प्लेट संपते, गेझा."

"माहीत आहे."

"टायर उन्हाळी आहेत, बर्फावर घसरतील."

"माहीत आहे, डेटलेफ."

मागे आमचं घड्याळ ऐकू येत होतं. मग म्हणाला, "सूप संपत आलं." मी म्हटलं, "थीसेनबाई उद्या येतील, सांगून ठेवलंय." आणि मग कागद उलगडल्याचा आवाज आला. एका डोळ्याने तो नकाशा बघत होता, विब्के. हळूच म्हणाला, "तिच्याकडे जात असशील तर उल्मवरून जाऊ नकोस. पुलाचं काम चालू आहे. मेमिंगेनला दुसऱ्या बाजूने जा." आणि ठेवला.

मालकिणीने विचारलं, "वाईट बातमी?" मी म्हटलं, "नाही हो, रस्त्याची चौकशी."

आता गाडीत बसलेय आणि हिशेब सरळ आहे. पहाटे उठून उत्तरेला तोंड केलं तर उद्या संध्याकाळपर्यंत बोयेच्या कोठारात पोचते. तो काही बोलणार नाही. नकाशा घडी घालून ठेवेल, आणि एप्रिलमध्ये पुन्हा उलगडेल. दक्षिणेला केलं तर उद्या तुझ्याकडे. परवा कुठेच जाता येणार नाही. त्याने आज मला रस्ता सांगितला, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी नकाशा उघडला, आणि त्यामुळे परतावंसं वाटतंय. मूर्ख आहे मी. पण त्याने मला कुठे पाठवलं तेही बघ ना. त्याने दक्षिणेचाच रस्ता सांगितला.


३१ ऑक्टोबर, तुझ्या अंगणातून

विब्के,

आधीची दोन पत्रं याच पाकिटात आहेत. टपालात टाकून काय उपयोग, मीच त्यांच्या आधी पोचले असते.

उल्मवरून आले नाही. पुलाचं काम खरंच चालू होतं, रेडिओवर लांबलचक रांग सांगत होते. तेवढं त्याचं ऐकलं.

तुझं फाटक उघडं होतं म्हणून न विचारता आत आणली. रस्त्यावर ठेवता आली नसती. तुझ्या सफरचंदाच्या झाडाखाली लावलेय, आणि नीट नाही लावलेली. तिरकी आहे. डाव्या बाजूला हात जाईल एवढीच जागा आहे, उजवीकडे बैलगाडी जाईल. इंजिन बंद करून मी उतरले, बघितलं, वाटलं पुन्हा बाहेर काढून सरळ करावी. किल्ली घातलीसुद्धा. मग काढली.

तू स्वयंपाकघरात आहेस, दिवा दिसतोय. पाठमोरी आहेस, काहीतरी ढवळतेयस, केस पांढरे झालेत तुझे. गाडीचा आवाज तुला ऐकू आला नाही, किंवा आला आणि तू वळत नाहीयेस. अकरा वर्षं मी तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही, तू वळली नाहीस तरी मी काय म्हणणार? बेल वाजवायचा धीर होत नाही. हे पत्र तुझ्या पेटीत टाकते आणि गाडीत जाऊन बसते. खिसणी माझ्याकडे आहे, आईची, किसलेल्या बटाट्याचे वडे करायचे असतील तर.

डेटलेफला विचारून आले नाही, विब्के. एवढंच सांगायचं होतं. तुला राग असेल, घरात घ्यायचं की नाही ते ठरवायचं असेल, तर ठरव, घाई नाही. आज मध्यरात्री या गाडीची प्लेट संपते, मग ती इथून हलवली तर गुन्हा आहे.

सावकाश ये बाहेर. मी एप्रिलपर्यंत इथेच आहे.

गेझा